न तडकलेल्या भिंतीची साक्ष

१

टिंग!

ताटाळ्यातली वाटी घसरून खालच्या ताटावर आपटली. दुपारच्या झोपलेल्या घरात तेवढाच काय तो आवाज. भिंगरीच्या आईने लिहिता लिहिता मान वर केली. आधी छताला टांगलेल्या दिव्याकडे पाहिलं. दिवा स्थिर. मग पेल्यातल्या पाण्याकडे. तेही स्थिर. म्हणजे वाटीच नीट लावलेली नव्हती. दुसरी कुठलीही आई अशा आवाजाला आधी पोर उठलं का ते बघेल. हिने ते सगळ्यांत शेवटी बघितलं आणि मनातल्या मनात जीभ चावली. पोर उठलं नव्हतं, एवढं नशीब.

तिचं कामच तसलं होतं. यंत्रं नव्हती त्या काळातले भूकंप ती जोखायची. जमीन तेव्हा किती जोरात हलली, हे आता जमिनीला विचारता येत नाही. मग काय पडलं, काय उभं राहिलं, माणसं नुसती जागी झाली की उठून पळत सुटली, यावरून अंदाज बांधायचा आणि एक ते बारामधला एक आकडा त्या गावापुढे लिहायचा. तीन म्हणजे टांगलेला दिवा हलतो. सहा म्हणजे गिलावा पडतो, माणसं घराबाहेर धावतात. आठ म्हणजे दगडी इमारतींच्या भिंती कोसळतात, धुराडी पडतात, दगडी खांब पिळल्यासारखे फिरतात.

पणजोबांच्या काळात त्यांच्याच गावाला असा एक मोठा धक्का बसला होता. त्याचा आकडा उद्याच्या बैठकीत ठरायचा होता. सहा ठरला, तर शाळेच्या जुन्या दगडी इमारतीवर आणखी एक मजला चढणार. आठ ठरला, तर इमारत आधी रिकामी करायची, तिला आतून पोलादी आधार द्यायचे, आणि मगच पोरं आत. त्याच इमारतीत, मागच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर भिंगरी बसायची. त्यामुळे हा अहवाल नेहमीसारखा थंड डोक्याने लिहायचं तिने ठरवलं होतं, आणि सकाळपासून नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

मोबाइल थरथरला. सर होते. तिला हे काम हाताला धरून शिकवलं ते यांनीच, आणि गावाच्या त्या धक्क्याला सहाचा आकडा लावला तोही यांनीच.

"ऐकतेस का? ठेकेदाराचा फोन आला होता. शाळेच्या मागे वेलीत दडलेला एक दगडी दिव्याचा खांब निघालाय. वरचा दगड फिरलेला आहे म्हणे."

"किती?"

"चांगला वीतभर. म्हणजे म्हणे आठ! अगं, शाळेच्या दारावर वर्ष कोरलंय, ते धक्क्याच्या कितीतरी आधीचं. एवढी जुनी दगडी इमारत आणि भिंतीला केसाएवढी चीर नाही. आठाचा धक्का बसता तर ती उभी राहिली असती का? पाणीपुरवठ्याच्या इंजिनघराचं धुराडं पडलं होतं, कबूल. पण धुराडी काय, वाऱ्यानेसुद्धा पडतात. तू जा आणि बघ. आणि तो खांब फिरलेला नाही असं मला कळव."

"सर, आधी बघू की आधी कळवू?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "आगाऊपणा पुरे. आधी बघ."

नवरा बाहेरगावी, शेजारच्या काकूही घरी नाहीत. तिने भिंगरीला उठवलं, अर्धवट झोपेतच तिच्या पायांत चपला अडकवल्या आणि शाळा गाठली.

खांबाभोवती एक फेरी मारायला तिला फार वेळ लागला नाही. खांब फिरलेला होता, यात शंका नव्हती.

पण तो फिरून दोन दिवससुद्धा झाले नव्हते.

२

खांब साधाच होता. एकावर एक रचलेले तीन चौकोनी दगड, उंची तिच्या खांद्याएवढी. खालचे दोन जागच्या जागी, वरचा तेवढा तिरका. तिरक्या दगडाखालून मधल्या दगडाचे कोपरे उघडे पडले होते आणि ते कोपरे स्वच्छ, कोरे होते. वर्षानुवर्षं उघड्यावर असलेल्या दगडावर शेवाळ धरतं, वेलीची मुळं चिकटतात. इथे काही म्हणता काही नाही. उलट खालच्या दगडावरून चढत आलेला शेवाळाचा पट्टा सांध्याशी एकदम तुटला होता आणि वीतभर बाजूला सरकून पुन्हा सुरू झाला होता. वरच्या दगडाची एक कड ताजी उडालेली. पहारीने उडते तशी.

"आई, इथे कुणाचे पाय आहेत?" खाली उकिडवी बसलेली भिंगरी म्हणाली.

पाय होते खरे, पण माणसाचे नव्हेत. ओल्या मातीत चार छोटे खळगे पडले होते, एकमेकांच्या अगदी जवळ. कशाचे तरी चार पाय तिथे रुतले होते.

ठेकेदार फाटकापाशी फीत गुंडाळत उभा होता.

"माझी पोरं परवा वेल काढून गेली, ताई. खांब वाकडा का सरळ, कोण बघतं? आम्ही जागा मोजायला आलेलो."

"मग दिसला कुणाला?"

"आज सकाळी मोठ्या बाईंनी दाखवला. म्हणाल्या, हे भूकंपवाल्या साहेबांना कळवा, महत्त्वाचं आहे. मी कळवलं. का हो, फिरला म्हणजे काय होतं?"

"धक्का मोठा होता, असं होतं. तुमचा मजला जाईल."

"जाऊ द्या की. मजला गेला तर आधाराचं काम येईल. सहा असो नाहीतर आठ, सिमेंट लागणारच." तो खूश होऊन हसला. "आमचं बरं असतं, ताई. देव कुठल्याही बाजूने पावतो."

तुमच्याकडे पहार आहे का, असं तिने विचारलं. "पहारी, शिड्या, पुली, सगळं आहे. पण गोदामात. इथे काम सुरू होईस्तोवर एक खिळा आणत नाही मी. चोऱ्या किती वाढल्यात!"

ती विचारात पडली. आठ हवा असलेल्याने हे केलं असेल, हे कुणीही म्हणेल. पण ही लबाडी इतकी ढोबळ होती की उद्याच्या बैठकीत ती पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडली असती. मग आठाचं नाव काढायची पुन्हा कुणाची छाती झाली नसती. म्हणजे हे सहा हवा असलेल्या माणसाचंही काम असू शकत होतं.

आणि सहा सगळ्यांत जास्त कुणाला हवा होता, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

३

संशय घ्यायचा, तोही सरांवर. ज्यांनी तिच्या पहिल्या अहवालावर लाल शाईचा सडा घातला, बाळंतपणानंतर परत आली तेव्हा "पोर आजारी असेल तर येऊ नकोस, भूकंप थांबतात" म्हणाले, ते सर. पण संशयाला आपपरभाव नसतो, हेही त्यांनीच शिकवलेलं.

तिने फोन लावला. "सर, काल कुठे होतात?"

"कुठे असणार? पलंगावर. गुडघा टम्म फुगलाय. सूनबाई न्हाणीघरापर्यंत धरून नेते. का गं?"

"काही नाही. खांब कुणीतरी हाताने फिरवलाय."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" सरांचा आवाज एकदम तरुण झाला. मग तो थबकला. "थांब. तू मला 'काल कुठे होतात' असं विचारलंस?"

"तुम्हीच शिकवलंयत."

"हं." मग, "बरं केलंस. सूनबाईलाही विचार हवं तर."

ज्याला न्हाणीघर गाठायला आधार लागतो तो पहार काय चालवणार? सर सुटले. तिला एवढं हलकं वाटलं की तिने भिंगरीला उगाचच उचलून घेतलं.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. सुट्टी असूनही त्या आपल्या खोलीत बसल्या होत्या. उंच, रुंद खांद्यांची बाई. मागच्या कपाटात त्यांच्या तरुणपणीच्या गोळाफेकीच्या ढाली, धूळ पुसून ओळीने मांडलेल्या. शाळेच्या किल्ल्या टेबलावर.

"या, भिंगरीच्या आई. आणि ही आमची भिंगरी का? सुट्टीच्या दिवशीही शाळेत? एवढी हुशार कधी झालीस गं?" त्यांनी खणातून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या हातात दिला.

"बाई, इमारत रिकामी करायची वेळ आली तर?"

"वेळ येईल तर येईल. पोरं घरी बसतील आणि त्यांची माणसं माझ्या दारात बसतील. 'बाई, ह्याला कुठे ठेवू, बाई, मी कामावर कशी जाऊ.' तुम्हीच पहिल्या याल."

"मी येईनच."

"मग? मला कशाला हवंय ते?"

बोलणं बिनतोड होतं. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून एक लादलेला ट्रक गेला. खिडकीची तावदानं किणकिणली. मोठ्या बाई बोलता बोलता थांबल्या आणि त्यांचा उजवा हात आपोआप मागे, भिंतीवर गेला. तळवा भिंतीला टेकलेला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. ट्रक दूर गेल्यावरच तो हात खाली आला.

भिंगरीच्या आईने तो हात पाहिला. तळव्याला ताजे फोड होते.

४

नुसत्या फोडांवर कुणाला गुन्हेगार ठरवायचं नसतं. ती भिंगरीला घेऊन बाहेर आली आणि बालवर्गाच्या दारात थांबली. आत बुटकी बाकं ओळीने मांडलेली. एकाच्या पायांना ओली माती.

म्हणजे कोण, ते कळलं. का, ते कळेना. आणि कोण हे कळून तरी काय? खांब खोटा ठरला की राहिला सरांचा सहा. उद्या सहा लिहिला जाईल. मजला चढेल. भिंगरी खाली, त्याच बाकावर, त्याच भिंतीला टेकून. आकडा खरा असेल तर काही हरकत नव्हती. पण ट्रक गेला की जिच्यावर हात ठेवावासा वाटतो, ती भिंत तिच्या डोक्यातून जाईना.

"आई, मी गाल लावून येऊ?"

"कशाला लावून?"

"गालाच्या दगडाला!" आईला एवढंही कसं माहीत नाही, अशा चेहऱ्याने भिंगरी मागच्या भिंतीकडे पळाली. नळाशेजारी, तिच्याच उंचीवर, भिंतीतल्या एका लांबट दगडाला उथळ खोलगट खळगा होता. भिंगरीने त्यात गाल टेकला. नीट बसला. "खेळून आलं की आम्ही सगळे लावतो. गार असतो. नंबर लागतात."

आईने दगडावरून हात फिरवला. खळगा गुळगुळीत होता. गालांनी दगड एवढा झिजत नाही. एवढा झिजवायला पावलं लागतात, पुष्कळ वर्षांची. दगडाच्या एका कडेला गोल कंगोरा होता. ती पुढच्या दाराकडे गेली. दारापुढच्या पायऱ्यांना तोच गोल कंगोरा, मधोमध तसाच झिजलेला खळगा.

शाळेची पायरी शाळेच्याच भिंतीत?

आता ती दगडन् दगड बघत निघाली. मागच्या भिंतीत आणखी तशाच पायऱ्या, आडव्या, उभ्या, जमेल तशा बसवलेल्या. पुढच्या भिंतीतही. एका खिडकीखाली वेलबुट्टी कोरलेला दगड चक्क उलटा. त्या दोन्ही भिंतींच्या सांध्यांतला चुना गुलाबी होता. चुन्यात विटांची पूड मिसळली की येतो तो रंग. बाजूच्या दोन्ही भिंतींत मात्र चुना पांढरा, आणि पायरीचा एकही तुकडा नाही.

पायरी आधी झिजते, मग भिंतीत जाते. म्हणजे पुढची आणि मागची भिंत मूळची नव्हेच. त्या पडल्या होत्या आणि पडलेल्याच दगडांतून पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, दारावरच्या वर्षाच्या दगडासकट. चीर असणार कुठून? धक्का बसला तेव्हा या भिंती कदाचित नव्हत्याच!

पण त्या पडल्या कधी? धक्क्यात, की नंतर, की आग लागून? दगड जळालेले नव्हते. तेवढ्याने भागत नव्हतं. बैठकीत कुणीही विचारेल, कशावरून?

ती पुन्हा खांबापाशी गेली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिरक्या दगडाखालचा सांधा तिने नखाने खरवडला.

नखात गुलाबी पूड आली.

तिने आपल्या पिशवीतली मोजपट्टी घेतली आणि खांबाच्या बुडाची माती उकरायला सुरुवात केली. हातभर खाली दगडावर आकडे लागले. वर्ष होतं. धक्क्याच्या पुढचं वर्ष.

५

"बाई, चढायला घेतलेलं बाक बालवर्गातलं होतं?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नाही म्हणायचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि गेला.

"हलकं असतं," त्या म्हणाल्या.

"आणि पहार?"

"माळ्याची. त्याला मध्ये ओढू नका, तो गावाला गेलाय."

"एकटीने फिरवलात?"

"गोळाफेकीत बक्षिसं उगाच मिळाली नाहीत, भिंगरीच्या आई. कंबर गेली ती गेलीच." त्या हसल्या नाहीत. "तुम्ही पालकसभेत लेकीचे ठोकळे मांडून दाखवलेत. तीन ठोकळे, वरचा फिरवलात. म्हणालात, असं दिसलं की आठ. मी मागे उभी होते. इतकी वर्षं मी ओरडतेय की ट्रक गेला की भिंत हाताखाली थरथरते. अर्ज केले. उत्तर एकच. चीर नाही, धोका नाही. आणि आता वर मजला! परवा वेल निघाली, खांब दिसला, तीनच दगडांचा. मला वाटलं, देवानेच ठेवलाय."

"बाई, तो खांब धक्क्यानंतर बांधलाय. बुडाशी वर्ष आहे."

मोठ्या बाई बघतच राहिल्या. "म्हणजे मी जन्माला न आलेल्याला साक्षीला उभं केलं?"

"हो. पण तो बोलला." तिने सगळं सांगितलं. गालाचा दगड, झिजलेल्या पायऱ्या, गुलाबी चुना. खांब आणि त्या दोन भिंती एकाच चुन्यात बांधल्या होत्या, आणि खांबावर धक्क्याच्या पुढचंच वर्ष होतं. म्हणजे त्या भिंती धक्क्यात पडल्या आणि वर्षभरात घाईने, मिळतील त्या दगडांनी उभ्या केल्या. "तुमचा हात बरोबर सांगत होता. धक्का आठाचाच होता."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मग भिंतीचं लिहा ना. खांब मी पुन्हा सरळ करते. कुणाला कळणार? निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत हो माझे."

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. येताना वाटेत तिने तो स्वतःलाच विचारला होता. समोरच्या बाईने हाताला फोड आणून घेतले होते ते कुणासाठी? त्यात भिंगरीही होती.

"भिंत कधीची, ते खांबच सांगतो," ती म्हणाली. "त्याला पुढे करायचं तर सगळे त्याच्याभोवती फिरून बघणार. कड उडालीय, शेवाळ तुटलंय. हे काय, म्हणून विचारणार. मी लपवलं आणि ते त्यांनी शोधलं, तर खांबही गेला, भिंतही गेली. मग मजला चढेल, बाई."

बाहेर भिंगरी एकटीच नळ सोडून बंद करत होती. नेहमी असं केलं की मोठ्या बाई ओरडायच्या. आज त्यांनी नुसतं ऐकलं.

"लिहा," त्या शेवटी म्हणाल्या. "पण नळ बंद करायला सांगा तिला."

६

बैठकीला जायच्या आधी सर शाळेत आले. सुनेच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी. खुर्ची मागवली, मागच्या भिंतीपुढे मांडून घेतली आणि बसले. मग चुना खरवडला, पूड बोटांत चोळली, वास घेतला. पुढच्या भिंतीपाशी तसंच. बाजूच्या भिंतीपाशी तसंच. 

"मी इतकी वर्षं या भिंतीला चीर शोधत राहिलो," ते म्हणाले. "ही भिंत कुठली, ते विचारलंच नाही. आपल्या धंद्यातलाच माणूस अशी चूक करू जाणे. जे उभं दिसतं तेच मोजतो आपण." त्यांनी खिशातून पेन काढलं, तिच्या अहवालात नोंदलेला आपला जुना सहा स्वतःच्या हाताने खोडला आणि आठ लिहिला. "धुराड्याचंही घाल. वाऱ्याने पडलं म्हणणारा गाढव कोण होता ते मात्र लिहू नकोस."

बैठकीत आठ मंजूर झाला. खांबाचा मजकूर वाचताना दोघं-तिघं हसले. पण भिंतीचे फोटो फिरले तसे पुढे वाकून बघू लागले. मोठ्या बाईंना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं गेलं. इमारत रिकामी करायचं ठरलं, वर्ग वाचनालयाच्या बैठ्या हॉलमध्ये भरायचे होते. बाकं हलवायच्या दिवशी मोठ्या बाई बोलावणं नसताना आल्या आणि कमरेला पट्टा बांधून बालवर्गाची बाकं दोन-दोन उचलून नेऊ लागल्या. ठेकेदाराची पोरं आ वासून बघत राहिली. "बघता काय? धरा की!" एवढं त्या ओरडल्यावर सगळं भराभर हललं.

संध्याकाळी भिंगरीची आई ओट्यापाशी भाजी चिरत होती. भिंगरी जमिनीवर पाय पसरून नव्या शाळेची चौकशी करत होती.

"तिथे खिडकी आहे?"

"आहे. मोठी."

"माझ्या शेजारी कोण बसणार?"

"तीच जुनी मैत्रीण. भांडायचं नाही."

"आणि ही शाळा पडणार?"

"नाही गं. तिला आतून लोखंडाचे आधार देणार. मग धक्का आला तरी पोरांना काही होणार नाही."

"म्हणजे तो परत येणार?"

"कधीतरी येईल. फार वर्षांनी. किंवा..." तिने सुरी बाजूला ठेवली. खोटं सांगायची तिला सवय नव्हती. "कधी ते कुणालाच माहीत नसतं."

भिंगरीने पायाचं बोट धरून ओढून पाहिलं. मग मान वर करून तिने विचारलं,

"तो येईल ना आई, तेव्हा तू माझ्याजवळ असशील, की ऑफिसात?"